हाक मारायची जागा

आमच्या दांडी गावात समुद्रावर निघालेल्याला मागून हाक मारत नाहीत. माझ्या भावाला, मिथुनलाही आईने हाक मारली नाही. त्याचं लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच राहिलं, होडी उलटली आणि तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं. तीन वर्षं मी आईला एकच ऐकवत आलेय, "तू जॅकेट बघितलंस, तरी गप्प बसलीस." ती कधी उलटून बोलली नाही. त्याचा मला आणखीच संताप यायचा.

मी बोईसरला कारखान्यांसाठी व्हीआरचे खेळ बनवते. आग लागली तर कामगाराने कुठे पळायचं, ते हेडसेट घालून शिकवणारे. या धंद्यात एक नियम आहे. खेळणाऱ्याने काही केल्याशिवाय गोष्ट बदलता कामा नये. तोच नियम धरून मी मिथुन गेला ती सकाळ खेळात बांधली. हाक मारली तर मिथुन वळणार, परत येणार. नाही मारली तर जाणार. म्हटलं, कळू दे हिला एकदाचं.

रविवारी दुपारी आईला ओटीवर उभं केलं आणि हेडसेट चढवला.

"अगो बाय! मिथुन हाय!" तिने हात पुढे केला.

"मग मार ना हाक!"

तिने तोंडावर हात दाबला. होडी गेली. खेळ पुन्हा सुरू झाला. पुन्हा गेली. माझं डोकंच फिरलं. "आत्ताही नाही? खेळातसुद्धा मारणार तू त्याला?"

तिसऱ्यांदा तिने मान बाजूला वळवली आणि तशीच थांबली.

"उत्कर्षा, वलांडीच्या बांबूंवर सुकट्या बोंबलांच्या मधी ते लाल काय हाय?"

"त्याचं जॅकेट. नाटकं नको करूस."

"मी खाली पाण्यात होते गो, त्याला डबा देत. मला वाटलं, जॅकेट होडीत हाय. तिथून वलांडी दिसत नाय. तू मला खेळात उभी केलीस, हितं तर तू उभी होतीस. बोंबील टांगत."

त्या सकाळी वलांडीशी मीच होते. ती जागा मी एकही फोटो न बघता, नुसत्या आठवणीवर बांधली होती, एका बैठकीत.

आईने हेडसेट काढला, माझ्या डोक्यावर चढवला आणि लहानपणी वेणी घालताना धरायची तशी मान धरून मागचा पट्टा आवळला. ती रागावली नव्हती. तेच मला सोसेना.

"मार आता," ती म्हणाली.

समोर मिथुनची पाठ होती. माझ्या कानाशी लाल जॅकेट हलत होतं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. होडी लांब गेली, दिसेनाशी झाली आणि खेळ आपोआप पहिल्यापासून सुरू झाला.