शांपूच्या जाहिरातीतलं पाणी

चौकशीच्या खोलीत भिंतीवर लाँच कंपनीने कॉम्प्युटरवर बनवून आणलेला अपघाताचा व्हिडिओ सुरू झाला आणि पुतणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पाणी तिचंच होतं.

तिचे काका नावाडी. त्यांची होडी धक्क्यापाशी उलटली होती. माणसं वाचली, पण काकांचा परवाना जायची वेळ आली होती. काका महिनाभर एकच सांगत होते, "कंपनीची लाँच सुसाट गेली. मी ओरडलो, बसून राहा! पण पाणी शांत दिसलं, लोक उतरायला उठले आणि मागाहून तिच्या लाटा आल्या."

"बघा साहेब," कंपनीचे वकील चौकशी अधिकाऱ्यांना पडद्याकडे बोट करून म्हणाले, "लाँच गेली, पाणी शांत. मग कुठली लाट? माणसं कोंबली होती यांनी."

पुतणी कॉम्प्युटरवर जाहिरातींसाठी पाणी बनवायची. कोपऱ्यातला तो फेस तिने इतक्यांदा पुसून पुन्हा रेखला होता, की स्वतःच्या अक्षरासारखा ओळखला.

"अहो, हे शांपूच्या जाहिरातीचं पाणी आहे, मीच बनवलेलं!"

"ताई, पाणी ते पाणी," साहेब म्हणाले.

"कसं होईल? पाण्यावरची बाटली डुगडुगली तर नाव कोण वाचणार? म्हणून लाटा उठल्या उठल्या मारल्यात मी. खरी लाट अशी मरत नाही. लाँच दिसेनाशी झाली तरी ती काठापर्यंत चालत येते."

"पण दिसतं किती खरं!" वकील हसले.

"दिसण्यापुरतंच केलंय मेलं!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मग तुम्ही बरोबर पाण्याचा व्हिडिओ करून आणा. पुढच्या तारखेला बघू."

"नदी खिडकीखाली आहे, साहेब. आणि तुम्हाला व्हिडिओ हवाय?"

शेवटी सगळे धक्क्यावर उतरले. लाँच आली, नेहमीच्याच मस्तीत गेली, वळणाआड झाली. पाणी ताटासारखं सपाट. साहेब शेवटच्या पायरीवर उभे.

"झालं की. कुठे काय?"

"साहेब, वर या," काका म्हणाले.

"कशाला?"

"या म्हणतो ना!"

आधी नुसता लांबलचक फुगवटा आला, लाट म्हणावी असा नव्हेच. बांधलेल्या होड्या एकमेकींवर आदळायला लागल्या. त्यामागची लाट पायऱ्या चढून साहेबांच्या गुडघ्यांना भिडली. काकांनी दंड धरला म्हणून ते पडले नाहीत. वकिलांनी आधी फाईल वाचवली.

वर खोलीत आल्यावर साहेबांनी ओले मोजे काढले, निकाल सांगितला. व्हिडिओ बाद, परवाना कायम. काका हात जोडायला लागले.

"काका, हात खाली करा," पुतणी म्हणाली. "साहेब, तुमचे मोजे भिजेपर्यंत यांचं खरं नव्हतं. यांना 'माझं चुकलं' म्हणा."

"जाऊ दे गं, बयो."

"का म्हणून जाऊ देऊ?"

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी छताकडे. तिने एक खुर्ची ओढली आणि दारातच मांडून बसली.