ऐंशीच्या आत

माझा नवरा पैसे हरला की रडायचा, तेव्हा बरं होतं. खोटं नाही सांगत. सामन्यावर पैसे लावायचे, हरायचे, न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचं, बाहेर येऊन चप्पल भिंतीवर मारायची आणि गेलेले परत आणायचे म्हणून उरलेलेही लावायचे, असा त्याचा क्रम होता. मी त्याला नाही नाही ते बोलायचे, आईला फोन करून रडायचे, आणि तरी अंथरुणाला पाठ टेकली की झोपायचे. आता मला झोप येत नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते. हा क्रेन चालवतो. उंच इमारतींच्या कामावर असते ती, वर टोकाशी काचेची केबिन असलेली. सकाळी शिडीने चढला की संध्याकाळीच उतरतो, डबासुद्धा वरच खातो. माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे बारक्या म्हणतात आणि तो सहा फूट उंच आहे. तो त्याच क्रेनखाली काम करतो. सळयांच्या मोळ्या हुकाला बांधायच्या आणि वॉकीटॉकीवर सांगायचं, उचला, डावीकडे, हळू, सोडा. दोघांना एका जागी मीच चिकटवलं. वर घरचा माणूस असला म्हणजे खालच्याची काळजी नको, असं मला वाटलं होतं. मी दवाखान्यात नर्स आहे. माणसाच्या जिवाचं आपल्याला कळतं, असा मला मोठा तोरा होता.

गेल्या वर्षी एका आठवड्यात याने चार महिन्यांचा पगार घालवला. मी त्याला ‘बंद कर’ म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, हे आता शेंबडं पोरही सांगेल. पण त्याआधी सात वेळा म्हणून झालं होतं आणि सातही वेळा तो चोरून खेळला होता. मग मी डोकं चालवलं. नको तिथे डोकं चालवायची मला खोडच आहे. माझ्या लक्षात आलं होतं की याचा खरा सत्यानाश पहिल्या हरण्याने होत नाही, त्यानंतर डोकं फिरतं त्याने होतो. चिडला की लावतो, घाबरला की दुप्पट लावतो. म्हणजे चिडणं आणि घाबरणं काढून टाकलं तर?

दवाखान्यात बोटाला लावायची चिमटी असते, नाडीचे ठोके दाखवणारी. तशी एक मी विकत आणली आणि त्याच्यासमोर ठेवली.

“हे बघ,” म्हटलं, “खेळायचं तर माझ्यासमोर खेळायचं. आधी बोट यात घालायचं. ठोके ऐंशीच्या वर असले तर त्या दिवशी मोबाइलला हात लावायचा नाही. मंजूर?”

“आणि आत असले तर?”

“तर लाव. पण ठरवलंय तेवढेच.”

पहिल्या दिवशी एकशे बारा आले. नुसता सामना सुरू व्हायचा होता तरी! मी त्याला आडवा केला आणि घाबरलेल्या पेशंटना शिकवते तेच शिकवलं. चार मोजत श्वास घ्यायचा, चार मोजत धरायचा, सहा मोजत सोडायचा. खांदे सैल. जे गेलं ते गेलं, आता ते आपलं नाही, असं मनात म्हणायचं. तो शहाण्या मुलासारखा करायचा. दोन-तीन महिन्यांत फरक दिसला. हरला की मोबाइल उपडा ठेवायचा, पाणी प्यायचा, “चल, झालं आजचं” म्हणायचा. नळ बंद झाला, चपला भिंतीवर बसायच्या थांबल्या. मी दवाखान्यात मिरवत होते नुसती. बाकीच्या नर्सना सांगायचे, नवऱ्याला वळण लावायचं तर माझ्याकडे क्लास लावा.

बारक्या रविवारी आला की तोही गंमत म्हणून बोट घालायचा. “ताई, मलापण शिकव की.” शिकवलं. लहानपणापासून त्याने काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं झालेलं नाही.

मग एका दुपारी आमची सहा वर्षांची मुलगी जिन्यावरून पडली. हनुवटी फाटली, फ्रॉकवर रक्तच रक्त. मी नर्स असून नुसती ओरडत राहिले. हा जिन्यात उभा होता. त्याने तिची हनुवटी वर करून बघितली आणि म्हणाला, “तीन टाके पडतील.” आवाज असा, की दुकानात साबण मागतोय. बरोबर तीनच पडले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिस्टर फार धीराचे हं तुमचे. मी मान डोलावली, पण मला ते पटलं नाही. कारण पोरगी “बाबा, बाबा” करत त्याला बिलगली होती आणि हा तिच्या डोक्यावरून भिंतीवरच्या टीव्हीतला सामना बघत होता.

त्या रात्री त्याने पैसे लावले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग पंधरा दिवस नाही. मी विचारलं तर म्हणाला, “कंटाळा आला गं. हरलं काय, जिंकलं काय, सारखंच वाटतं. पैशात मजा राहिली नाही.” मी देवाचे आभार मानले. किती मूर्ख असावं माणसाने!

महिन्याभराने माझी भावजय दवाखान्यात आली, ऐन पेशंटांच्या गर्दीत. पिशवीतून तिने बारक्याचं हेल्मेट काढलं. वरून मागेपर्यंत सरळ खोल ओरखडा होता.

“वन्सं, हे काय असेल?”

“आपटलं असेल कुठेतरी.”

“मीपण तेच म्हटलं. पण दर आठवड्याला जास्तीचे पैसे आणतात. विचारलं की म्हणतात, दाजींचा आणि माझा जोडधंदा आहे. आणि घरी आल्यावर डोळे मिटून बसतात. श्वास मोजतात.”

हातातली सुई मी तशीच ट्रेमध्ये टाकली, बाईंना सांगितलं की घरी अडचण आहे आणि रिक्षा करून बांधकामावर गेले. रस्ताभर स्वतःला समजावत होते, की तू उगाच भलतंसलतं मनात आणतेस. समजूत काही पटत नव्हती.

जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. मुकादम आणि बाकीची माणसं पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये जेवत होती. मोकळ्या जागेत एकटा बारक्या उभा होता, पायाखाली खडूने काढलेल्या चौकोनात. लांबच्या दुसऱ्या क्रेनवरचा माणूस केबिनच्या खिडकीतून वाकून बघत होता. आणि आमच्या क्रेनच्या हुकाला सळयांची मोळी लटकलेली होती, दोन माणसांएवढी लांब.

क्रेनच्या कामात एक नियम असतो. माणसाच्या डोक्यावरून भार न्यायचा नाही. हे मला बारक्यानेच पहिल्या दिवशी पेढा देताना सांगितलं होतं.

“बारक्या! इकडे ये आधी!”

“ताई? तू कशाला आलीस? लांब थांब, दोन मिनिटांचं काम आहे.”

“कसलं काम? सगळे जेवतायत.”

तो हसला. मग त्याने सांगितलं, अगदी साधेपणाने. दाजींची आणि त्या लांबच्या क्रेनवाल्याची पैज असते. मोळी हेल्मेटवरून किती जवळून जाते, यावर. वीतभर अंतर राहिलं तर एवढे, चार बोटं राहिलं तर दुप्पट. खाली उभा राहणाऱ्याला अर्धे.

“अरे मेल्या, तुला अक्कल आहे का! हेल्मेट बघितलं मी तुझं!”

“त्या दिवशी वारा होता. आता वाऱ्यात नाही खेळत. ताई, उगाच घाबरू नकोस. दाजी वर चिमटी लावून बसतात. ऐंशीच्या वर आकडा गेला की त्या दिवशी खेळ रद्द. मीपण श्वास मोजतो. तू शिकवलंस तसंच सगळं करतो आम्ही.”

मी त्याचा दंड धरून ओढला. सहा फुटांचा माणूस, जागचा हलेना. वर मोळी फिरू लागली होती. तिची सावली जमिनीवरून आमच्याकडे येत होती. मी त्याच्या छातीवरची वॉकीटॉकी हिसकावली आणि बटण दाबून किंचाळले, “अरे थांबव! मी आहे खाली! मी!”

खरखरीतून नवऱ्याचा आवाज आला. “दिसतेस. आता हलू नकोस.”

“थांबव म्हणते ना!”

“हललीस तर लागेल. सरळ उभी राहा.”

मी हलले नाही. बारक्याने मला खांद्याला धरून आपल्याशेजारी घट्ट उभं केलं, आणि मोळी आमच्यावरून गेली. तिचा वास आला, गंजाचा. केसांना वारा लागला. मला तिथेच लघवी झाली. नर्स आहे, सांगायला लाजत नाही. भीती अशी अंगातून वाहून जाते हे मी शेकड्याने बघितलंय, पण माझ्या पायांवरून ती पहिल्यांदा वाहिली.

बारक्या माझ्याशेजारी डोळे मिटून ताठ उभा राहून मोजत होता, “पाच, सहा.” मग त्याने डोळे उघडले आणि मला विचारलं, “किती राहिलं असेल गं? चार बोटं?”

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

नवरा शिडीवरून उतरून आला तेव्हा मी सळयांच्या ढिगावर बसले होते. त्याच्या बोटाला चिमटी तशीच होती. मला वाटलं होतं, खाली येईल आणि रडेल. निदान पाय तरी थरथरतील. त्याने माझी ओली साडी बघितली आणि आपलं जॅकेट काढून मला दिलं.

“मी दिसले होते तुला,” मी म्हटलं.

“हो.”

“मग थांबवलं का नाहीस?”

“एकदम थांबवलं असतं तर मोळीला झोका बसला असता. झोक्यात तुम्ही दोघं गेला असता. न थांबवणंच बरोबर होतं.”

ते बरोबरच होतं. मी नंतर दोघा-तिघांना विचारलं, सगळे हेच म्हणाले. पण तेव्हा मी त्याला विचारलं, “मला खाली बघून तुला वाटलं काय?”

तो खरंच विचार करत होता. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सापडतंय का, ते शोधत होता. शेवटी म्हणाला, “काही नाही. म्हणून तर नीट गेली.”

मी उठले आणि तशीच, ओल्या साडीने, शेडमध्ये जाऊन मुकादमाला सगळं सांगितलं. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. तासाभरात तिघांनाही कामावरून काढलं, दोन्ही क्रेनवाल्यांना आणि बारक्याला. पोलिसांत जायला नको म्हणून कंपनीने प्रकरण तिथेच दाबलं, कुठे काही लिहिलं नाही. बारक्या फाटकाबाहेर सगळ्यांसमोर मला म्हणाला, “पोटावर पाय दिलास तू माझ्या.” तेव्हापासून तो बोलत नाही. न बोलू दे. चालतोय फिरतोय, मला तेवढं पुरे.

नवरा मात्र रागावलाच नाही. मी वाट बघत होते. त्याने ताटं फेकावीत, मला नाही नाही ते बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं. मी त्याची चिमटी हातोडीने फोडली तरी त्याने तुकडे केरसुणीने गोळा केले आणि म्हणाला, “ती लागत नाही आता. कळतं मला.” मी पाया पडले, डॉक्टरांकडे चल म्हटलं. आला. डॉक्टरांनी तपासलं आणि मलाच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

गेल्या महिन्यात त्याला दुसरीकडे काम लागलं. चांगले क्रेनवाले मिळत नाहीत, आणि याचा हात किती स्थिर आहे ते कुणालाही पाच मिनिटांत दिसतं. कुठे लागलं ते तो मला सांगत नाही. “तू पुन्हा येशील,” एवढंच म्हणतो, प्रेमाने. पगार वेळेवर देतो, आणि दर शनिवारी त्यावर थोडे जास्तीचे.

मी त्याच्या मागे दोनदा गेले, दोन्ही वेळा त्याने मला बसथांब्यावरच ओळखलं आणि घरी आणून सोडलं. म्हणून आता दवाखाना सुटला की मी जिथे क्रेन दिसेल तिथे जाते. आजवर अकरा ठिकाणी जाऊन आले. फाटकावर मला कुणी आत सोडत नाही. मग खाली मोळ्या बांधणारी माणसं सुटेपर्यंत मी थांबते आणि एकेकाला गाठून विचारते, तुमच्या जेवणाच्या सुट्टीत कुणी मोकळ्या जागेत उभं राहतं का? बहुतेक जण हसतात. काल एक जण हसला नाही. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याने माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि हळूच श्वास आत घेतला.