आरसा बसेपर्यंत

"अण्णांनी दोन हजार दिलेत. आरसा बसवून घ्या अन् राहिलेल्याची साडी घ्या म्हणले," हनुमंतने नोटा पुढे केल्या.

भागिरथी व्हॅनची मागची सीट पुसत होती. तिने फडके झटकले, नोटांकडे एकदा पाहिले आणि पुन्हा सीटकडे वळली.

"परत ने."

"वहिनी, आरसा बाराशेच्या वर न्हाई. मी इचारून आलोय."

"मीबी इचारलंय. कंपनीचा बाराशे, साधा साडेचारशे. मला पैशे नकोत. अण्णांना म्हणावं, गहिनीनाथच्या ग्यारेजवर या."

हनुमंतने नोटा खिशात घातल्या. आदिनाथ अण्णांचा ट्रॅक्टर एरवी तोच चालवायचा. सोमवारी तो सासुरवाडीला गेला होता, म्हणून अण्णा स्वतः ऊस घेऊन निघाले होते. "मी असतो तर हे झालंच नसतं," तो पुटपुटला आणि आपण कुणाकडून आलो आहोत हे आठवून लगबगीने निघाला.

सोमवारी झाले ते असे. भागिरथीची व्हॅन ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलाची अरुंद फरशी निम्मी ओलांडून गेली होती. आत शेवगावला कामाला जाणाऱ्या बायका होत्या. जो आधी फरशीवर चढला त्याला आधी जाऊ द्यायचे, हे त्या रस्त्यावर बैलगाडीवाल्यालाही माहीत आहे. अण्णांनी समोरून दोन ट्रॉल्या तशाच आत घातल्या. भागिरथीने डावी चाके पार कडेला नेऊन गाडी उभी केली. ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली. दुसरीतून बाहेर आलेल्या उसात व्हॅनचा उजवा आरसा अडकला आणि मुळासकट निघाला. ट्रॅक्टर थांबला नाही.

दुपारपर्यंत गावात बोलणे झाले की बाईने गाडी ट्रॉलीवर घातली. मंगळवारी सकाळी पूजा आली नाही. ती शेवगावात औषधांच्या दुकानात कामाला होती आणि दोन वर्षे याच व्हॅनने जात होती. तिचे सासरे रंभाजी ओट्यावरूनच म्हणाले, "आज आरसा गेला, उद्या मानूस जाईल. आमी तिला दुसऱ्या गाडीला लावलंय."

भागिरथीने वाद घातला नाही. पण त्या दिवशी तिला कळले की हा प्रश्न बाराशे रुपयांचा नाही. आज एक सासरा म्हणाला, उद्या चार म्हणतील, आणि मग व्हॅन दारात उभी राहील. ती व्हॅन घेतली होती नवऱ्याने. ज्ञानेश्वर ती मोठ्या हौसेने घेऊन आला, पण गिअर टाकताना त्याला घाम फुटायचा. महिनाभर बघून भागिरथी म्हणाली, "तुमी रान बघा, गाडी मी बघते." त्याला सात वर्षे झाली. या सात वर्षांत तिने गाडी कुणाला घासली नव्हती.

शेवगावच्या स्टँडवर गाडीवाल्यांचा एक रिवाज होता. कुणाकडून कुणाची गाडी घासली, दिवा फुटला, की ज्याची चूक त्याने गहिनीनाथच्या ग्यारेजवर यायचे आणि काम होईपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसायचे. खर्च कुणी कसा केला हे कुणी विचारत नसे. बाकड्यावर कोण बसला, एवढेच सगळा स्टँड बघायचा. पुन्हा त्या गोष्टीचा शब्द निघत नसे. अण्णा ट्रॅक्टरवाले होण्याआधी याच स्टँडवर जीप चालवायचे. ते स्वतःही एकदा तिथे बसले होते.

बाईसाठी मात्र त्या बाकड्यावर आजवर कुणी बसले नव्हते.

"वहिनी, त्यो रिवाज गडीमाणसांचा हाय," जीपवाला कानिफनाथ ग्यारेजसमोर चहा ओतता ओतता म्हणाला.

"आसं कुठं ठरलं?"

"ठरलं न्हाई. पर..."

"रांगेत नंबर लावताना मी तुमच्यातली, अन् आरसा फुटला की बाईमाणूस. हे कसं, कानिफभावजी?"

बाकीचे हसले. कानिफनाथने चहाचा कप तिच्यासमोर सरकवला. "घ्या. तुमच्याशी बोलण्यापरीस घाटात गाडी रिव्हर्स घ्यावी."

गहिनीनाथने आतून आवाज दिला, "आरसा आनून ठेवलाय. लगीच बसंल. लावू का?"

"न्हाई. अण्णा आल्याबिगर हात लावायचा न्हाई."

तसेच दिवस गेले. मागचे बघायला तिला खिडकीतून मान बाहेर काढावी लागे. मान आखडली. शेजारी बसणाऱ्या निकिताने तिला मलम आणून दिले. निकिता दवाखान्यात नर्स होती, आणि फरशीवरचा सगळा प्रकार तिने पुढच्या सीटवरून पाहिला होता.

"मावशी, पैसे घ्या आणि मोकळ्या व्हा."

"पैशे घेतले की ती दया झाली गं. दया चुकलेल्यावरच करत्यात."

मग एका संध्याकाळी ती स्वतः अण्णांच्या वस्तीवर गेली. अण्णा बाजेवर बसून हरभरा सोलत होते.

"ये, बस. पैशे कमी पडले का?" त्यांनी हसून विचारले.

"जास्त झाले. अण्णा, फरशीवर आधी कोन हुतं?"

अण्णांनी एक घाटा फोडला, दाणे तोंडात टाकले. "भरल्या ट्रॉलीला ब्रेक लागतो व्हय लगीच?"

"मी ब्रेकचं न्हाई इचारलं."

"माझं वय बघ, भागिरथी. आता त्या बाकड्यावर मी बसू? लोकं काय म्हणतील?"

"आता मला म्हणत्यात तेच."

"लई ताठ हायस."

"गाडी चालवायची म्हणजे ताठच बसावं लागतं," ती म्हणाली आणि उठली. अण्णांच्या बायकोने चहा टाकला होता. तो पिऊन मगच ती निघाली.

अण्णा त्या आठवड्यात आले नाहीत. पण शनिवारी स्टँडवर एका जीपने कानिफनाथच्या जीपचा मागचा दिवा फोडला. कानिफनाथने ग्यारेजकडे बोट दाखवले, तर समोरचा गडी जागचा हलेना. "अण्णा बसले का? मग मी का बसू? हे घे पैशे." शब्दाला शब्द वाढला, शर्टाची बटणे तुटली. दोघांना सोडवता सोडवता गहिनीनाथच्या हाताला पाना लागला. संध्याकाळी त्याने पट्टी बांधल्या हाताने अण्णांना फोन लावला आणि काय झाले ते सांगितले.

बाजाराच्या दिवशी अण्णा आले. पांढरा सदरा, टोपी, हातात पिशवी. भागिरथीची व्हॅन ग्यारेजसमोर उभी होती. अण्णांनी कुणाकडे पाहिले नाही. धोतराचा सोगा आवरून ते बाकड्यावर बसले.

"किती वेळ लागंल?"

"लागंल तेवढा," गहिनीनाथ म्हणाला.

लगेच बसणाऱ्या आरशाला त्याने बराच वेळ घेतला. एक स्क्रू हातातून दोनदा पडला. बाजाराला निघालेली माणसे थबकत होती. मेथीच्या जुड्या घेऊन चाललेला एक ओळखीचा म्हातारा समोर उभा राहिला.

"अण्णा, तुमी हितं कसं काय?"

भागिरथी व्हॅनच्या पलीकडे होती. तिचा हात दारावर तसाच राहिला.

"आरसा बसवायचाय वहिनींचा," अण्णा म्हणाले. टोपी सारखी केली. "माज्याकडनं गेला. फरशीवर त्या आधी हुत्या."

म्हातारा "आसं व्हय," म्हणून पुढे गेला. अण्णांनी उठून गहिनीनाथला पैसे दिले. कानिफनाथने चहा सांगितला. भागिरथीने स्टीअरिंगवर बसून आरसा दोन बोटांनी जरासा आत वळवला.

"दिसतंय का?" अण्णांनी खालून विचारले.

"दिसतंय."

बोलणे तिथे संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजाच्या घरासमोर भागिरथीने गाडी उभी केली. रंभाजी ओट्यावर दात घासत होते. त्यांनी चूळ भरली.

"कळलं आमाला, अण्णा म्हणले ते," ते म्हणाले. "पर आता त्या गाडीवाल्याला महिन्याचं सांगितलंय. राहू दे."

दारात पूजा उभी होती, डबा हातात धरून.

"बरं," भागिरथी म्हणाली आणि गाडी पुढे काढली.

मागे बायका दाटीने बसल्या होत्या. पुढच्या थांब्यावर आणखी एक चढली. कुणाच्या मांडीवर पिशवी होती, कुणाच्या मांडीवर डबा. खिडकीकडची पूजाची जागा मात्र कुणी घेतली नाही, शेवगाव येईपर्यंत.