शांभवीची टाळू

डॉक्टर अनुजाची बोटं शांभवीच्या केसांतून फिरता फिरता टाळूवर थांबली. चोवीस वर्षांच्या मुलीची टाळू अजून मऊच होती. रोज तेल जिरवते पण भरतच नाही, असं तिच्या आईनं, रत्नव्वानं ओशाळून सांगितलं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या दवाखान्यात मायलेकी शिरोळहून आल्या होत्या. शांभवी बुटकी, बोटं आखूड, आणि जरा धडपडली की हाड मोडायचं. आजवर सात प्लास्टर झाली. दूध, नाचणी, डिंकाचे लाडू, रत्नव्वानं कशाची म्हणून कसर ठेवली नव्हती. तरी आईच्याच दुधात कस नाही, असं सासरच्या बायकांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्या भोळीनं ते खरं मानलं होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाडं पांढरीशुभ्र दिसत होती. ती कच्ची नाहीत, उलट प्रमाणाबाहेर दाट आहेत आणि म्हणूनच खडूसारखी मोडतात, असं त्या म्हणाल्या. प्रत्येकाच्या शरीरात कॅथेप्सिन के नावाचं एन्झाइम असतं. जुन्या हाडातलं प्रथिन ते तोडतं, मग तिथं नवं हाड भरतं. शांभवीत ते जन्मापासून कामच करत नव्हतं, म्हणून जुनं हाड साचत गेलं.

"म्हंजे माझी हाडं बी रोज मोडत्यात?" रत्नव्वानं विचारलं.

"रोज थोडी थोडी. आणि पुन्हा नवी होतात. तुम्ही झोपेत असलात तरी."

रत्नव्वा आपल्या मनगटाकडे बघतच राहिली. पन्नास वर्षं या कातड्याखाली कुणीतरी न सांगता राबत होतं आणि तिला पत्ताच नव्हता. रोजच्या पूजेत इष्टलिंगापुढं जुळावेत तसे तिचे हात जुळले.

मग डॉक्टरांनी नात्यातल्या लग्नाचं विचारलं. रत्नव्वाला तर सख्ख्या मामालाच दिलेली. आईबाप दोघांकडून आला तरच हा दोष मुलात दिसतो, हे ऐकून तिनं थोरल्या मुलाचं, बसवेशचं सांगून टाकलं. त्याची सोयरीक तिच्याच भावाच्या मुलीशी ठरली होती, सोमवारी सुपारी फुटायची होती. त्याआधी दोघांचं रक्त तपासा, असं डॉक्टरांनी बजावलं.

बाहेर पायरीवर बसून तिनं मोबाइल काढला आणि परत पिशवीत ठेवला. भावाला सांगायचं तरी काय? तुझ्या लेकीच्या पोटी माझ्या शांभवीसारखं मूल नको? आणि तेही शांभवीच्या देखत?

शांभवीनं पिशवीतून मोबाइल काढला, मामाचा नंबर लावला आणि आईच्या हातात दिला.

"तू जरा पलीकडं जा की," रत्नव्वा म्हणाली.

"न्हाय आव्वा. मी हितंच बसलोय. बोल."

पलीकडून भावाचा आवाज आला. रत्नव्वाला लेकीकडं बघवेना, पण तिनं तिचा हात घट्ट धरला.

"आण्णा, सुपारीची घाई नको. आदी दोघांचं रक्त तपासू," ती म्हणाली. आणि पुढं म्हणाली, "फोन शांभवीनंच लावून दिलाय."