सतरा नंबर

बाईंनी कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच थांबवला. आत हजेरी चालली होती.

"पंधरा."

"हजल."

"सोळा."

"हजल."

हजेरी घेत होती दहा वर्षांची मुलगी आणि सगळ्यांच्या वतीने ओ देत होता तिचा तीन वर्षांचा भाऊ. एकटाच अख्खा वर्ग झाल्याचा त्याला केवढा रुबाब होता.

"सतरा," मुलगी म्हणाली.

"गैलहजल," भाऊ ठसक्यात म्हणाला.

बाईंच्या काखेत खरा हजेरीपट होता. चौथीच्या सतरा नंबरपुढे दीड महिना फुल्या होत्या, आणि नाव कमी करायला घरच्यांची सही आणा, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. मुलीचे वडील गेल्या वर्षी एड्सने गेले, पाठोपाठ आई. सांभाळायला आत्या आली खरी, पण ती लॉन्ड्रीत इस्त्रीला जाई, ती संध्याकाळी परते. तोवर धाकट्याला कुणी शेजारी घरात घेईना. जवळ बसल्याने तो आजार होत नाही, हे आत्याने दारोदार सांगून पाहिलं. ऐकून सगळ्यांनी घेतलं, पटलं कुणालाच नाही. वर्गात सोळा नंबरच्या आईने आपल्या मुलीला हिच्या शेजारून उठवून नेलं, तेव्हा बाई फळा पुसत राहिल्या होत्या. ते त्यांना अजून खात होतं.

त्यांनी कडी वाजवली. दार उघडून मुलगी खडूचे हात फ्रॉकला पुसत उभी राहिली.

"सतरा नंबरची गैरहजेरी का लावलीस?"

"खोटी हजेरी कशी लावू, बाई? ती घरीच असते ना."

बाईंनी काखेतला हजेरीपट हातात घेतला. सही मागायची राहूनच गेली. धाकटा त्यांच्या हजेरीपटाला हात लावून बघत होता.

"हा एका जागी बसतो का गं?"

"हजेरी संपेपर्यंत बसतो."

"पुढचं मी बघते. उद्या त्यालाही घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर तो ताईला चिकटून बसला. मुख्याध्यापक दारात येऊन भुवया उंचावून उभे राहिले. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही, हजेरी सुरू केली.

"सतरा."

"गैलहजल!" धाकटा सवयीने ओरडला.

वर्ग खो-खो हसला. ताईने घाईघाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि उभी राहिली.

"हजर, बाई."

बाईंना नीट ऐकू आलं होतं. तरी त्यांनी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.