फोटोतलं हसू

व्हर्ना स्टोल्ट्झला एका सहीनं वेड लावलं होतं. आपल्या लाडक्या टीमच्या एका सीझनची, खेळाडूंचे फोटो छापलेली सगळी बेसबॉल कार्डं तिनं सह्यांसकट जमवली होती. काही पोस्टानं, काही कार्डांच्या मेळाव्यांत ताटकळून. गाडं अडलं होतं ते वेंडेल प्रॅथरपाशी. हा एकेकाळचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मोठा खट माणूस. व्हर्ना त्याला कार्ड पाठवायची, सोबत आपला पत्ता घालून तिकीट लावलेलं पाकीट आणि पानभर कौतुक. कार्ड कोरंच्या कोरं परत यायचं.

"म्हाताऱ्याला लिहिता येत नसेल," तिचा नवरा गस म्हणायचा.

"तू गप्प बस आणि पाकीट चिकटव."

मग वेंडेल टोलिडोच्या मेळाव्याला येणार असं कळलं आणि बाईंच्या अंगात आलं. ही सही मिळाली की संच पुरा. तिनं भल्या सकाळी गसला गाडीत कोंबलं आणि हॉलमध्ये रांग धरली.

तिचा नंबर लागला. टेबलामागे जाड भिंगांच्या चष्म्याचा वेंडेल बसला होता. तिनं कार्ड पुढे सरकवलं आणि दर पत्रात लिहायची तेच म्हणाली, "फोटोतलं तुमचं हे हसू मला फार आवडतं."

वेंडेलनं कार्ड डोळ्यांपाशी नेलं. "त्या हसूवाल्या बाई तुम्हीच का? बाई, हा मी नाहीच."

व्हर्नाचा चेहरा पडला. गस मात्र खो-खो हसत सुटला. नवरे असल्या वेळी नेमके हजर असतात.

"हा तिओ," वेंडेल म्हणाला. "छापणाऱ्यांनी माझ्या नावावर ह्याचा फोटो टाकला. आम्ही दोघेही काळे, बघणाऱ्याला तेवढं पुरलं. बिचारा महिनाभर खेळला आणि खांदा धरून घरी बसला. त्याचं स्वतःचं कार्ड कधी निघालंच नाही. हेच काय ते एक. आता त्याच्या तोंडावर मी माझं नाव खरडू? नाही जमायचं."

व्हर्नाला लाज वाटली आणि हसूही आलं. इतकी वर्षं तिनं ह्या माणसाला दुसऱ्याच्याच हसण्याचं कौतुक कळवलं होतं.

"मग ह्यांचीच सही घेते की," ती म्हणाली. "कुठे असतात ते?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. वेंडेलनं चष्मा सावरून तिला नीट न्याहाळलं. मग त्यानं मागे वळून हाक मारली, "तिओ, ये इकडे लेका. गिऱ्हाईक आलंय तुझं."

मागे खुर्चीवर एक म्हातारा हॉट डॉग खात बसला होता. वेंडेलची नजर अधू झाल्यापासून त्याची गाडी तोच चालवायचा. बोटं पँटला पुसत तो आला.

"पण नाव ह्याचं आहे," कार्ड बघून तो म्हणाला.

"तोंड तुमचं आहे ना?" व्हर्ना म्हणाली.

तिओ हसला. तेच हसू, फक्त दोन दात कमी. मग त्यानं निळा मार्कर हातात घेतला. जन्मात कधी कार्डावर सही केलेली नाही, बारीक लिहावं हे त्याला काय ठाऊक. आईबापानं दिलेलं अख्खं नाव, दोन्ही आडनावांसकट, त्यानं ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहिलं: तिओफिलो बारिओस मोंतान्यो. मग कार्ड लांब धरून तो बघतच राहिला. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्नाचे डोळे भरून आले, आणि आनंद इतका झाला की तिनं गसचाच दंड आवळला.

"आता मी कुठे करू सही?" वेंडेल कुरकुरला. "तसूभर जागा ठेवली नाहीस, हावरटा."

"मागे कर. तिथले खेळाचे आकडे तुझेच आहेत. हरलेल्या मॅचेस माझ्या नावावर नकोत."

वेंडेलनं कार्ड उलटं केलं आणि इतकी वर्षं अडवलेली सही हसत हसत ठोकून दिली.

"संचात मागची सही कुणी धरत नाही," गस कुजबुजला.

शाई वाळेपर्यंत व्हर्ना ते कार्ड दोन बोटांत उभं धरून होती. "ह्याला मागची बाजू आहेच कुठे," ती म्हणाली.