कलम नऊची सुनावणी

लिफ्ट-दुरुस्तीच्या नव्या परवाना कायद्याचा मसुदा नरसिंह कानिटकरांनी तीनदा वाचला होता आणि दर वाचनात त्यांचा पारा चढला होता. पदविका नसलेल्या कारागिराने लिफ्टला हात लावायचा नाही, असे कलम नऊ म्हणत होते. त्यांचा राग कलमावर नव्हता. ते इतक्या उशिरा आले, यावर होता. तंत्रनिकेतनात शिकून उभी हयात यंत्रांपाशी घालवलेल्या या गृहस्थांना अर्धवट शिकलेल्यांची चीड होती. मसुद्याचा आढावा घेणाऱ्या सरकारी समितीवर ते तांत्रिक सदस्य होते. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातल्या लेकीच्या सरकारी क्वार्टरमधून निघताना त्यांनी ‘कलम कायम ठेवावे’ हा अभिप्राय टाईप करूनच आणला होता.

सुनावणीला दिल्लीच्याच द्वारका भागातून अलका मेश्राम आली होती. मूळची नागपूरची. नवऱ्याच्या हाताखाली काम शिकली आणि तो गेल्यावर सोळा वर्षे एका कंपनीसाठी एकटीने लिफ्ट सांभाळत होती.

“सेहेचाळिसाव्या वर्षी मी दोन वर्षं कॉलेजात बसू? तोवर घर कसं चालवू, साहेब?”

“बाई, मसुद्याला अकरा अपघातांचे अहवाल जोडलेत,” कानिटकर कडाडले. “अकराही ठिकाणी पदविका नसलेला माणूस. सातवा अपघात तर तुमच्याच लिफ्टचा! ब्रेक झिजला, लिफ्ट घसरली, गार्डचा पाय गेला. तुम्हाला झीज दिसली नाही?”

“दिसली म्हणूनच कंपनीला तीनदा लिहून दिलं. लिफ्ट बंद ठेवायचा अधिकार मला कुठाय? तो परवानावाल्या सुपरवायझरचा. कंपनीनं त्याचा तपासणी-तक्ता माझ्या तोंडावर फेकला. ‘ब्रेक ठीक.’ खाली सही. तो महापुरुष मी आजवर पाहिला नाही. तुम्ही पाहिलाय?”

कानिटकरांनी समितीचे सचिव यतीन यांच्याकडे हात पुढे केला. “तो तक्ता द्या.”

“सर, परिशिष्टं आम्ही सदस्यांना देत नाही. फाईल उगाच जाड होते.”

“द्या म्हणतो ना!”

फाईल आली. सातव्या अहवालाच्या शेवटच्या पानावरची सही त्यांनी पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. सही त्यांची होती. तारखेच्या दिवशी ते पुण्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी निजलेले होते.

कानिटकरांकडे सुपरवायझरचा परवाना होता. नीरज, त्यांचा जुना शिकाऊ, आता त्याच कंपनीत होता आणि दर जानेवारीत बारा कोरे तक्ते घेऊन यायचा. वर्षाच्या सह्या एकदमच. “पद्धतच आहे, सर, सगळेच करतात.” आणि केसाएवढ्या फरकासाठी कामगारांना फैलावर घेणारे कानिटकर चहा पिता पिता सह्या करत.

त्यांनी उरलेली दहा परिशिष्टे उलटली. प्रत्येकावर कुणा ना कुणा परवानाधारकाची सही. प्रत्येकावर ‘ठीक’.

“चलो, पाच मिनिटं चहा घेऊ,” यतीन खालच्या आवाजात म्हणाले. “सर, हे आपल्यात राहू दे.”

“आपल्यात? गार्डचा पाय तोडून वर आपल्यात?” कानिटकरांची मूठ टेबलावर आदळली. “इतिवृत्तात लिहा. सातव्या तक्त्यावरची सही माझी आहे. मी लिफ्ट पाहिलेली नाही. अकराही अपघात परवानाधारकाच्या सहीखाली झाले, आणि आपण ते या बाईंच्या माथी मारतोय!”

“तुमचा परवाना जाईल, सर. चौकशीही लागेल.”

“लागू दे! लिहा!”

यतीन लिहू लागले. कानिटकरांनी आपला टाईप केलेला अभिप्राय आडवा फाडला आणि अलकाकडे वळले. “बाई, मी तुमचा...”

“माफी त्या गार्डकडे मागा,” ती म्हणाली. “मला काम करू द्या. आणि झीज दिसली की लिफ्टला कुलूप लावायचा हक्क द्या. तेवढं लिहा, माझ्यासमोर.”

कानिटकरांनी मसुदा ओढून घेतला, कलम नऊवर उभी रेघ मारली आणि समासात तिचे शब्द जसेच्या तसे लिहायला घेतले.